पुढची ओळ

माझी साक्ष साडेसात मिनिटांची आहे.

साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत किंवा तरुणांच्या शिबिरात एखादा माणूस पुढे येऊन उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. त्याला साक्ष देणं म्हणतात. माझी साक्ष चांगली आहे असं लोकांचं मत आहे. त्यामुळे गेल्या दहा-अकरा वर्षांत ती मी इतक्या वेळा दिली आहे की साडेसात मिनिटं झाली हे मला घड्याळ न बघता कळतं.

थोडक्यात सांगते. मी पंधरा वर्षांची असताना पप्पा गेले. राहुरीकडचं आमचं गाव, रात्रीची वेळ, गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. घरातले सगळे रात्रभर गुडघे टेकून प्रार्थना करत होते. पहाटे फोन आला. त्यानंतर दोन वर्षं मी दर रविवारी चर्चमध्ये जायचे, पण गाणं सुरू झालं की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. आईने ते पाहिलं होतं, बोलली मात्र नाही.

सतराव्या वर्षी एका मैत्रिणीने डिसेंबरातल्या शिबिराला ओढून नेलं. तिथे एका संध्याकाळी योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय वाचला गेला. लाजर आजारी आहे. त्याच्या बहिणी येशूला निरोप पाठवतात. येशू लगेच निघत नाही, आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. तो पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला तोंडावर ऐकवते की तू वेळेत आला असतास तर ही वेळ आली नसती. थोड्या वेळाने तिची बहीण मरियाही तेच म्हणते.

हे माझं वाक्य होतं. दोन वर्षं मी तेच मिटलेल्या ओठांच्या आत घेऊन बसले होते. ते बायबलमध्ये आधीपासून लिहिलेलं असेल, आणि ते बोलणाऱ्या बायकांना येशू गप्प करत नसेल, हे मला ठाऊकच नव्हतं. तो त्यांना गप्प करत नाही. सगळ्यांदेखत रडतो.

त्या रात्री मी पप्पांसाठी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले, आणि सकाळी उठले तेव्हा हलकी होते. साक्षीत मी इथे एक क्षण थांबते. तो थांबाही साडेसात मिनिटांत धरलेला आहे.

०००

मागच्या वर्षीच्या शिबिरात मला ही साक्ष पुन्हा द्यायला सांगितलं. समोर साठ-सत्तर मुलंमुली, सतरंज्यांवर. पाचव्या मिनिटाला, मार्थाच्या वाक्याशी, माझा आवाज नेहमीसारखा दाटून आला. आणि नेमकं त्याच वेळी डोक्यात विचार चालला होता की परतीच्या बसवाल्याला अॅडव्हान्स दिला का नाही.

आवाज दाटलेला, डोळे ओले, आणि आत बसचा हिशोब. मला स्वतःची भीती वाटली.

पहिल्या रांगेतली एक मुलगी हुंदके देऊन रडत होती. नंतर चहाच्या वेळी ती जवळ आली. अकरावीला होती. म्हणाली, "ताई, तुम्हाला जसं वाटतं ना, तसं मला वाटायला हवंय. काय करू?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शब्द सगळे बरोबर होते. पण मला जसं वाटतं म्हणून ती म्हणत होती, तसं मला कित्येक वर्षांत वाटलेलं नव्हतं, हे त्या हाताला माहीत होतं.

०००

माझा विश्वास कुठल्या शंकेने गेला असता तर सांगायला सोपं पडलं असतं. मी काही डार्विन वाचून डगमगले नव्हते. माझ्या बाबतीत जे झालं ते चर्चमध्येच झालं, चर्चचं काम करता करता झालं.

पुण्यात नोकरीला आल्यावर मी इथल्या मंडळीत जायला लागले. एका ताईंचं लग्न झालं, त्या बंगळुरूला गेल्या आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. उपासनेच्या वेळी गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवायचे. शनिवारी रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर गाण्यांची यादी येते. जुन्या गीतांसाठी 'उपासना संगीत' उघडायचं, नव्यांचे शब्द कुठल्या तरी व्हिडिओवरून ऐकून टाइप करायचे. कुणीतरी पूर्वी केलेली फाईल जुन्या फॉन्टमध्ये असते. ती उघडली की देवाच्या नावाच्या जागी टिंबं आणि चौकटी दिसतात.

या कामाची एक खुबी आहे. मंडळी चालू ओळीच्या शेवटच्या शब्दावर आली की बटण दाबायचं असतं. उशीर झाला तर दीडशे माणसं एकदम गप्प होतात आणि माना वळवून मागे बघतात. म्हणून लोक जी ओळ गात असतात ती मी कधीच गात नाही. मी नेहमी पुढच्या ओळीवर असते. सहा वर्षं दर रविवारी मी पुढच्या ओळीवर होते.

मग त्यात भर पडत गेली. तरुण संघाची सेक्रेटरी झाले. नाताळचा बॅनर, जेवणाची पंगत की बुफे यावरची दोन तासांची मीटिंग, शब्बाथ शाळेच्या मुलांच्या नाटकात मेंढपाळ कोण आणि मेंढरू कोण यावरून आयांचे रुसवे. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब भाकर मोडायचे तेव्हा मी पुढची स्लाइड तयार आहे का ते बघत असायचे. प्रभूची प्रार्थना मी मेसेज वाचता वाचता म्हणू शकत होते.

वाईट म्हणावं असं यात काहीच नव्हतं. मंडळी चांगली होती, काम गरजेचं होतं. फक्त गाणं माझ्यासमोरून जायचं आणि मी त्यात नसायचे.

शिबिरानंतर मी उपाय सुरू केले. वचनं वाचायचं एक अॅप घेतलं. रोज वाचलं की आकडा एकने वाढतो. एकशे बारा दिवस सलग वाचलं. एकशे तेराव्या दिवशी ऑफिसच्या गडबडीत राहिलं, आकडा शून्यावर आला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सुटका वाटली म्हणजे ती काय प्रकारची भक्ती होती ते कळलंच.

मग शहरातल्या एका मोठ्या, झगमगाटी चर्चमध्ये जाऊन पाहिलं. ड्रम्स, निळे दिवे, धूर. पहिले तीन रविवार मी खरोखर रडले. चौथ्या रविवारी माझं लक्ष त्यांच्या स्लाइड्सवाल्या मुलाकडे गेलं. तोही गात नव्हता. पुढच्या ओळीवर होता.

सगळंच सोडून द्यावं असंही वाटून गेलं. माझ्याच तालुक्यात एकेकाळी राहून गेलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक मला त्या वेळी सोयीचे वाटले. 'उपासना संगीता'तली कितीतरी गीतं त्यांची आहेत. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, वीसेक वर्षं त्यांनी मिशनचं काम केलं आणि १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. म्हटलं, टिळकसुद्धा बाहेर पडलेच की! पण टिळक बाहेर पडले ते त्यांच्याकडे देण्यासारखं फार होतं आणि मिशनच्या साच्यात ते मावत नव्हतं म्हणून. मी साच्यातून निघाले असते तर मोकळ्या हाताने निघाले असते. मी टिळक नव्हते, मी कंटाळले होते.

०००

या दिवसांत पंडिता रमाबाई वाचल्या. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात, आमच्या घरी केडगावच्या मुक्ती मिशनच्या म्हणून. १९०७मध्ये त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत लिहून काढली होती, ती मात्र मी कधी वाचली नव्हती.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडमध्ये झाला. संस्कृतची एवढी मोठी विदुषी ख्रिस्ती झाली म्हणून देशभर खळबळ उडाली. पुढे अमेरिका झाली, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्याला आलं. लोक टीका करत होते, त्या काम करत होत्या. आणि या साक्षीत त्या सांगतात की या सगळ्या काळात, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं, त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. उपासना होती, मतं होती, नियम होते. ज्याच्यासाठी ते सगळं होतं तो नव्हता. १८९१च्या सुमाराला ही उणीव त्यांना स्पष्ट दिसली.

मी ते पान मोबाइलवर तीनदा वर-खाली केलं. ज्या बाईने घर, समाज, नावलौकिक सगळं पणाला लावून हा धर्म घेतला, तिला आठ वर्षांनी असं म्हणावं लागलं. आणि तिने ते लपवलं नाही. तिच्या साक्षीतला तो सगळ्यात महत्त्वाचा भाग झाला. माझ्या साडेसात मिनिटांत अशा आठ वर्षांना जागाच नव्हती. माझी गोष्ट सतराव्या वर्षी संपत होती.

दुसरी एक गोष्ट रमाबाईंच्या आयुष्याकडे नीट बघितल्यावर कळली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन केडगावला आल्या. १९०५मध्ये मुक्तीत मोठी जागृती झाली. मुली तासन् तास प्रार्थना करत, रडत, आनंदाने भरून जात. त्याबद्दल देशोदेशी लिहिलं गेलं. पण त्यानंतरही रमाबाई सतरा वर्षं जगल्या आणि त्यांतला मोठा काळ हिब्रू आणि ग्रीक कोशांपुढे गेला. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल असं मराठी बायबल त्यांना करायचं होतं. शब्द शोधायचा, लिहायचा, प्रुफं तपासायची, पुन्हा लिहायचं. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं. ते छापलं गेलं मुक्तीच्याच छापखान्यात.

जागृतीची गोष्ट सगळे सांगतात. प्रुफांची कुणी सांगत नाही. मला प्रुफांत जास्त रस वाटला. शनिवारी रात्री ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसणाऱ्या मुलीला तो वाटणारच.

०००

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रं आहेत. पहिलं इफिसच्या मंडळीला. ही मंडळी कष्टाळू आहे, चिकाटीची आहे, खऱ्याखोट्याची पारख करणारी आहे. थोडक्यात, सेक्रेटरी लोकांची मंडळी. तिच्यावर ठपका एकच आहे, पहिली प्रीती सोडल्याचा. या भागावर मी डझनभर संदेश ऐकले होते. प्रत्येक वेळी मला ऐकू यायचं ते असं: पूर्वी वाटायचं तसं वाटून घे. आणि वाटून घेता येत नाही म्हणून मी आणखी अपराधी व्हायचे.

या वेळी सावकाश वाचलं. त्यात 'वाटून घे' असं कुठेच नाही. तीन गोष्टी सांगितल्या आहेत. कुठून पडलास ते आठव. माघारी फीर. आणि तिसरी, सुरुवातीला जी कामं करायचास ती कर. भावनेचं नाव नाही, कामांचं आहे.

म्हणून मी वहीत लिहायला बसले. सतराव्या वर्षी मी काय करत होते? काय वाटत होतं ते नाही, काय करत होते.

एक, पहाटे गच्चीवर बसून मार्काचं शुभवर्तमान वाचायचे. रोज थोडंसं, कुणाला सांगण्यासाठी नाही. दोन, देवाशी भांडायचे. पप्पांवरून, फीवरून, आईच्या कंबरेवरून. तीन, रविवारी दुपारी आजीबरोबर डबा घेऊन जायचे. गावात दोन म्हाताऱ्या होत्या, एकीला चालता येत नव्हतं, दुसरीला मुलं बघत नव्हती. आजी पिठलं-भाकरी द्यायची, केस विंचरून द्यायची, छोटी प्रार्थना करायची. मी कंदिलाच्या काचा पुसायचे. चार, खूप झोपायचे.

या यादीत माइक नव्हता, पडदा नव्हता. एकही गोष्ट अशी नव्हती की चुकली तर दीडशे माणसं मागे वळून बघतील. आणि 'झोप' लिहिताना मला एलिया संदेष्टा आठवला. रानात झुडपाखाली आडवा होऊन तो देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो आणि त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, मग उठवून आणखी खायला घालतो. त्या वर्षी मी सहा दिवस ऑफिस आणि सातवा दिवस चर्चचं ऑफिस करत होते. माझ्या कोरडेपणातला काही भाग आध्यात्मिक नव्हताच. मी दमले होते.

०००

चार दिवसांची रजा काढून गावी गेले. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. दिसतं कमी, ऐकू येतं सोयीनुसार. रात्री तिचे पाय चेपताना विचारलं, "आजी, तुला कधी चर्चचा कंटाळा नाही आला?"

"येतो की."

"मग?"

"मग काय? पाळकसाहेब संदेश द्यायला लागले की मी डुलकी घेते. आज नाही, चाळीस वर्षं घेते."

मी हसायला लागले. तिलाही हसू आलं. मग म्हणाली, "घरी झोपले तर झोपूनच राहीन गं. तिथं झोपलं की शेवटच्या आशीर्वादाला कुणीतरी कोपरानं हलवतंच."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटायचं की नित्यक्रम हा आनंदाचा शत्रू आहे, किंवा मग तो इतक्या मन लावून पाळायला हवा की झोप येताच कामा नये. आजीच्या हिशोबात दोन्ही नव्हतं. झोप येणार हे तिने धरलेलं होतं. ती फक्त अशा जागी जाऊन बसत होती जिथे कुणीतरी तिला हलवेल. आणि मी सहा वर्षं मंडळीच्या पाठीमागे, लॅपटॉपच्या टेबलाशी एकटी बसत होते. मला हलवायला शेजारी कुणी नव्हतंच.

०००

पुण्याला आल्यावर दोन कामं केली. पहिलं सोपं. पाळकसाहेबांना सांगितलं की मी एकाआड एक रविवारीच स्लाइड्स बघेन, उरलेल्या रविवारी दहावीतला एक मुलगा बघेल, त्याला शिकवते. ते म्हणाले, "अगं, तू थकलीस हे आधी सांगायचं ना." मी आधी सांगितलं नव्हतं हे खरंच होतं.

दुसरं अवघड. शिबिरातल्या त्या मुलीला फोन केला. नंबर होता, ती नाताळला शुभेच्छा पाठवायची. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, माझ्यासारखं वाटायला काय करू. तुला खरं सांगायचं राहिलं. मला तसं आता वाटत नाही. पूर्वी वाटायचं, ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी मी पाठ केलेलं बोलत होते."

फोनवर बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आपण एका पोरीचा विश्वास मोडला. मग ती म्हणाली, "ताई, मीपण त्या दिवशी सगळे रडत होते म्हणून रडले."

त्यानंतर दोघी जे हसलो, त्याला प्रार्थना म्हणायला माझी हरकत नाही.

तेव्हापासून आम्ही गुरुवारी रात्री फोनवर मार्काचं शुभवर्तमान वाचतो. सोळाच अध्याय आहेत, पण आम्ही रमतगमत जातो. कधी दहा ओळी, कधी तिची परीक्षा असली तर नुसत्या गप्पा. कधी दोघींनाही कंटाळा आलेला असतो आणि आम्ही तसं एकमेकींना सांगतो. नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येशूकडे येतो. तो कबूल करतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात विनवतो की माझ्या अविश्वासाचं काहीतरी कर. मी हा भाग शब्बाथ शाळेत शिकवला आहे. चित्रं रंगवून घेतली आहेत. ती पलीकडून म्हणाली, "म्हणजे अर्धाच असला तरी चालतो? आणि मुलगा बरा होतो?"

"होतो."

"मग साक्षीत हे का नाही सांगत कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. गळा दाटला होता. या वेळी बस वगैरे काही डोक्यात नव्हतं.

सतराव्या वर्षीचा तो हलकेपणा परत आलेला नाही, हे मात्र सांगायला हवं. येईल की नाही, माहीत नाही. कधीकधी महिनाभर काहीच होत नाही. पण त्या बारा वर्षांपूर्वीच्या आनंदाची राखण करत बसायचं मी सोडलं आहे. मान्न्याची गोष्ट आठवते. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी अन्न मिळायचं, आणि कुणी उद्यासाठी ठेवलं तर त्यात किडे पडायचे. मी एका सकाळचा मान्ना दशकभर जपून ठेवला होता आणि दर शिबिरात लोकांना वाढत होते.

या डिसेंबरात पुन्हा साक्षीसाठी विचारणा झाली आहे. हो म्हटलंय. किती मिनिटं लागतील हे मला सांगता आलं नाही, त्यामुळे कार्यक्रम आखणारा मुलगा जरा नाराज आहे.

मागच्या रविवारी स्लाइड्सवर दहावीतला तो मुलगा होता. मी आईच्या वयाच्या एका मावशींशेजारी बाकावर बसले होते. जुनं गीत चालू होतं, दुसरं कडवं, आणि ओळ संपली तरी पडदा हलला नाही. माझं बोट सवयीने मांडीवर आपटलं. मागे वळून पाहिलं तर तो लालबुंद होऊन लॅपटॉपशी झगडत होता.

पुढची ओळ आलीच नाही. पण पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं, ते गात राहिले. त्यांच्या पाठोपाठ मागचे. मला ती ओळ येते का, हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या मावशींनी कोपराने हलवलं, आणि मी त्यांच्या आवाजात आवाज मिसळला.